सेगोव्हिया, पेद्राथा, तुरेगानो: नव्वद किलोमीटरची फेरी घड्याळ बघून आखा

प्रश्न थोडक्यात असा: माद्रिदला कामानिमित्त जाणे आहे, एक दिवस मोकळा आहे, भारतात शनिवार-रविवारी ८०-१०० किलोमीटर सायकल चालवायची सवय आहे. जुनी गावे, किल्ले लागतील अशी डांबरी रस्त्याची, फार दमछाक न करणारी फेरी कुठे आणि कशी आखावी?

माद्रिदच्या उत्तरेला ग्वादारामा पर्वत आडवा पसरला आहे. त्याच्या पलीकडच्या पायथ्याशी सेगोव्हिया आहे. तिथून ईशान्येला पेद्राथा, तिथून पश्चिमेला तुरेगानो आणि मग दक्षिणेकडे परत सेगोव्हिया, असा त्रिकोण काढा. पहिली बाजू सुमारे ३७ किलोमीटर, दुसरी २०, तिसरी ३४. एकूण नव्वदच्या आसपास. सेगोव्हियाच समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मीटरवर आहे आणि वाटेतला सर्वांत उंच भाग १,२०० च्या थोडा वर जातो. म्हणजे सगळी फेरी महाबळेश्वरपेक्षा खालीच राहते. विरळ हवेचा त्रास नाही आणि सिंहगडासारखा सलग घाटही नाही. लहान लहान चढ-उतार मात्र अखंड आहेत. पर्वतातून उतरणारा प्रत्येक ओढा रस्त्याला एकदा खाली नेतो आणि पुन्हा वर आणतो.

ही फेरी फसते ती बहुतेक वेळा पायांमुळे नाही, वेळेमुळे. कास्तीय म्हणजे मध्य स्पेनच्या या पठारी प्रदेशातल्या गावांत दुपारी दोनला दुकाने बंद होतात ती पाचपर्यंत उघडत नाहीत. जेवणाची स्वयंपाकघरे दीड-दोनला सुरू होतात आणि चारला आवरतात. साडेबाराला भूक लागून एखाद्या खेड्यात पोहोचलात तर जेवण तयार नसते आणि साडेचारला पोहोचलात तर संपलेले असते. म्हणून आधी घड्याळ मांडा, मग नकाशा.

जूनमध्ये माझ्या हिशेबाने ते असे बसते. सकाळी आठला सेगोव्हियातून निघायचे. ताशी १८ च्या सरासरीने आणि वाटेत दहा मिनिटे थांबून सव्वादहाला पेद्राथा. तिथे पाऊण तास. अकराला निघालात की उताराचा भाग जास्त असल्याने बाराच्या आत-बाहेर तुरेगानो. अर्धा तास कॉफी आणि सावली. साडेबाराला शेवटचे ३४ किलोमीटर सुरू आणि सव्वादोन ते अडीचला सेगोव्हियात. बरोबर तेव्हाच शहरातली जेवणे रंगात आलेली असतात. वाटेत बसून जेवायचा मोह टाळा. या भागातले जेवण म्हणजे भट्टीत भाजलेले कोकरू किंवा पिल्लू-डुक्कर आणि दीड तासाची बैठक. त्यानंतर ३४ किलोमीटर उन्हात चालवणे ही शिक्षाच आहे.

दिशा हीच ठेवा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. कारणे तीन. उंचावरचा चढाचा भाग सकाळच्या गारव्यात संपतो. एन-११० हा राष्ट्रीय मार्ग सकाळी रिकामा असतो, दुपारी तिथे गाड्या वाढतात. आणि स्पेनमध्ये रस्त्याच्या उजव्या कडेने चालवायचे असल्यामुळे पर्वत तुमच्या हाताशी राहतो; मध्ये समोरून येणाऱ्या गाड्या नाहीत. या दिशेचा तोटाही सांगतो. वारा नैर्ऋत्येचा असेल तर शेवटचे ३४ किलोमीटर तो तोंडावर येतो. आदल्या रात्री हवामान बघताना पावसाइतकेच वाऱ्याकडे लक्ष द्या. दुपारी ताशी २५ किलोमीटरच्या वर नैर्ऋत्य वारा दाखवत असतील तर फेरी उलटी करू नका, त्याने वाऱ्याशी गाठ पर्वताच्या कडेला पडेल आणि तीही चढावर. त्यापेक्षा तासभर लवकर निघा.

महिना कोणता? मेचा मध्य ते जूनअखेर, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. मेमध्ये सकाळी आठ-दहा अंश असते आणि दुपारी वीसच्या पुढे. त्यामुळे हातमोजे, काढता येणारे बाह्यांचे कव्हर आणि घडी करून खिशात मावणारे वाराबंद जाकीट लागतेच. पुण्या-मुंबईहून जाणारे लोक 'स्पेन म्हणजे ऊन' या समजुतीवर ते घरी ठेवतात आणि पहिल्या तासात कुडकुडतात. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याची वेळ सातवर आणा. जूनच्या शेवटी सूर्योदय पावणेसातला आणि सूर्यास्त पावणेदहाला असतो, त्यामुळे उजेडाची काळजी नाही. सप्टेंबरअखेर मात्र आठला जेमतेम उजाडते आणि आठलाच मावळते, तेव्हा पुढचा-मागचा दिवा सोबत हवा. मे-जूनमध्ये पर्वतावर दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात. अडीचच्या आत परतण्याला हे आणखी एक कारण.

वार शक्यतो गुरुवार किंवा शुक्रवार धरा. पेद्राथात आठवड्याच्या सुरुवातीला बरेच काही बंद असते आणि शनिवार-रविवारी माद्रिदकर कोकरू खायला लोटतात. जुलैतले पहिले दोन शनिवार पूर्ण टाळा. त्या संध्याकाळी सगळे गाव मेणबत्त्यांनी उजळतात, दृश्य सुरेख असते, पण सायकलचे तिथे काही काम नाही.

आता सेगोव्हियाला सायकल न्यायची कशी. माद्रिदच्या चामार्तीन स्थानकातून वेगवान गाडी अर्ध्या तासात पोहोचवते, पण दोन गोष्टी तिकिटावर दिसत नाहीत. एक, सेगोव्हियाचे ते स्थानक शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर माळावर आहे. दुसरी, अशा गाड्यांत सायकल उघडी नेता येत नाही. घडीची हवी किंवा पिशवीत बांधलेली. रेल्वेची १२० × ९० × ४० सेंटिमीटरची मर्यादा आहे. नेहमीच्या रोड बाइकची दोन्ही चाके काढली की ती या मापात बसते. पिशवीत बसवताना मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आतल्या बाजूला येईल असे पाहा किंवा तो सोडवून चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला, बांधा. वाकलेला हँगर, म्हणजे डिरेलर जिच्यावर बसतो ती पट्टी, हे या प्रवासातले सर्वांत सामान्य दुखणे आहे. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठा सारा, नाहीतर कोणी लिव्हर दाबला की पॅड चिकटून बसतात. नियम गाडीच्या प्रकारानुसार बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच सायकलचे कलम वाचा. माद्रिदच्या मोंक्लोआ बसस्थानकातून बसही जाते, सव्वा-दीड तास लागतो. पोटातल्या डिकीत सायकल घेतात का हे आधी विचारायचे.

उपनगरी गाडीने थेर्थेदीयापर्यंत उघडी सायकल नेऊन नावाथेरादा खिंड ओलांडायची, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. खिंड १,८६० मीटरच्या आसपास आहे. सेगोव्हियाकडची उतरण वळणावळणाची आणि देखणी आहे, पण मग फेरी मध्यम राहत नाही. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी सेगोव्हियात मुक्काम करा. आठला निघायचे असेल तर तोच एक सरळ मार्ग आहे.

सायकल भाड्याची असेल तर माद्रिदमध्ये घ्या आणि स्वतःचे पेडल घेऊन जा. बऱ्याच ठिकाणी पेडलशिवायच मिळते. सीटची उंची घरी मोजून ठेवा, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. आणि दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी ब्रेक तपासा. भारतात साधारणपणे उजवा लिव्हर पुढचा ब्रेक असतो, तिकडे डावा. घाबरून डावा हात जोरात दाबलात तर पुढचे चाक जाम होते. पार्किंगच्या जागेत पाच मिनिटे नुसता ब्रेक दाबून थांबण्याचा सराव करा. चौकातले गोलही तिकडे उलटे फिरतात. शिरताना डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, तुम्ही उजवीकडे वळून शिरायचे.

गिअरची चिंता नको. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३२ दातांच्या चकत्या पुरेशा आहेत. टायर २८ मिलिमीटरचे घ्या. ७० किलोच्या माणसाला मागे ७५, पुढे ७० पीएसआयच्या आसपास हवा. शंभर भरायची जुनी खोड असेल तर ती इथल्या खडबडीत डांबरावर मनगटांना कळते. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप, चेनचा जोड आणि हँगर शक्य असेल तर जास्तीचा. पंक्चरचे मुख्य कारण मराठी वाचकाला ओळखीचे आहे: सराटा, म्हणजेच गोखरू. तीच वनस्पती उन्हाळाअखेरीस कास्तीयच्या कोरड्या कडांवर पसरते. थांबताना सायकल गवतात आडवी टाकू नका, डांबरावरच उभी करा, आणि कडेला उतरलात तर निघण्यापूर्वी टायरवरून हात फिरवा. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक चाकात ३०-४० मिलिलिटर सीलंट (पंक्चर आतून बुजवणारा द्रव) ताजे आहे ना, ते पाहा.

मार्ग आखताना खरी फसगत होते ती अॅपमध्ये. या पायथ्यालगत शेकडो वर्षे मेंढ्यांचे कळप उत्तर-दक्षिण जात-येत होते. राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या संघाला, 'मेस्ता'ला, मान्यता दिली आणि कळपांसाठी राजमार्ग राखले गेले. सर्वांत मोठ्यांची रुंदी ९० 'व्हारा' (जुने स्पॅनिश माप), म्हणजे सुमारे ७५ मीटर. आपल्याकडे धनगरांच्या वाटा असतात तसेच, फक्त कायद्याने आखलेले. असाच एक मार्ग, कान्याडा रेआल, एन-११० च्या जवळून धावतो. नकाशावर तो सरळ, रहदारी नसलेला आणि मोहक दिसतो आणि अॅप मोठ्या खुशीत तुम्हाला त्यावर घालते. प्रत्यक्षात ती माती, गवत आणि दगड आहेत. म्हणून आखताना 'रोड' हा प्रकार निवडा, मग कच्च्या रस्त्याची टक्केवारी शून्य येते का ते बघा, आणि 'कान्याडा', 'कामिनो' किंवा 'वेरेदा' अशी नावे मार्गात दिसली तर तो तुकडा हाताने डांबरावर ओढा. शंका आली तर उपग्रहचित्र बघा. मध्ये पांढरी रेघ दिसली की डांबर.

रस्त्याचे क्रमांकही समजून घ्या. 'एपी'ने सुरू होणारे सायकलला बंद. 'ए'ने सुरू होणाऱ्यांच्या कडेच्या पट्टीवरून १४ वर्षांवरील स्वाराला, मनाईची पाटी नसेल तर, जाता येते. पण जाऊ नये. 'एन' आणि 'सीएल' ठीक, 'एसजी' हे जिल्ह्याचे लहान रस्ते सर्वांत चांगले. एकच अपवाद एसजी-२०. तो सेगोव्हियाचा बाह्यवळण मार्ग आहे, त्याच्यापासून दूर राहा.

चढाईचा आकडा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. हीच फेरी एक अॅप ८०० मीटर दाखवेल, दुसरे १,००० च्या वर, कारण लहान उंचवटे कोण किती गुळगुळीत करतो यावर तो आकडा ठरतो. तुमच्या नेहमीच्या रविवारच्या मार्गाचा आकडा त्याच अॅपमध्ये काढा आणि त्याच्याशी तुलना करा.

फेरीची फाइल एकच ठेवू नका. सुरुवात आणि शेवट एकाच चौकात असला की सायकल कॉम्प्युटर निघतानाच 'पोहोचलात' म्हणतो किंवा उलट दिशा दाखवतो. पेद्राथात तर आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा रस्ता एकच आहे, तिथे हमखास गोंधळ. तीन बाजूंच्या तीन फाइली करा. नकाशा फोनमध्येही उतरवून ठेवा, ओढ्यांच्या खोलगट भागात नेटवर्क जाते.

आता रस्ता. सेगोव्हियातल्या जुन्या रोमन जलवाहिनीच्या कमानींपासून व्हिया रोमा या रस्त्याने बाहेर पडा आणि सोरिया शहराच्या पाट्या बघत एन-११० धरा. तोर्रेकाबायेरोसपर्यंत अकरा किलोमीटरांत दीडशे मीटर चढ आहे, म्हणजे सरासरी दीड टक्का. इतका कमी चढ डोळ्यांना दिसत नाही, वेग मात्र खातो. 'आज पाय चालत नाहीत' असे वाटून जोर लावू नका. सगळ्यांना तिथे तसेच वाटते. गावाजवळच काबानीयास देल मोंते इथे मेंढ्यांची लोकर कातरण्याचा मोठा वाडा उभा आहे. सेगोव्हियाची श्रीमंती या लोकरीतून आली.

अठराव्या किलोमीटरच्या आसपास सोतोसाल्बोस. इथे दहा मिनिटे खर्च करा. सान मिगेलच्या चर्चला बाहेरून स्तंभांची ओसरी आहे, सेगोव्हियाच्या रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन) बांधणीची खूणच ती. खांबांच्या माथ्यांवरची कोरीव चित्रे जवळून पाहता येतात, तिकीट लागत नाही. पुढे कोयादो एर्मोसो, फेरीचा माथा जवळपास इथेच. कॉफी हवी असेल तर आत्ता. त्यानंतर पेद्राथाच्या पाटीवर डावीकडे वळा. राष्ट्रीय मार्ग सुटतो आणि थेगा नदीच्या खोऱ्याकडे उतार लागतो. हौसेने सुसाट सोडू नका. नव्याने खडी टाकलेले पट्टे वळणावर लागतात, 'ग्राविया' अशी पाटी दिसली की वेग आधीच कमी करा. खोऱ्यातून गावाकडे पुन्हा चढायचे आहे, तेव्हा उतार संपण्यापूर्वी हलका गिअर लावून ठेवा.

पेद्राथा खडकावर वसलेले तटबंदीचे गाव आहे आणि आत जायला दरवाजा एकच, त्याच दरवाजावर जुना तुरुंग. फरसबंदी गोल दगडांची, सायकलवरून उतरा. रोडच्या बुटांचे क्लीट (तळाला बसवलेले, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) त्या दगडांवर साबणासारखे घसरतात, खिशात क्लीटची रबरी टोपणे ठेवा किंवा चालता येणारे माउंटन बाइकचे बूट-पेडल घ्या. चौकात वर्तुळ करून बसलेली घरे, लाकडी सज्जे, आणि पलीकडच्या टोकाला किल्ला. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याचे दोन मुलगे ओलीस म्हणून इथे ठेवले होते. त्यातला धाकटा पुढे फ्रान्सचा राजा झाला. १९२६ मध्ये चित्रकार इग्नासिओ सुलोआगा याने तो पडका किल्ला विकत घेतला. पाऊण तासात चौक, तट आणि किल्ला बाहेरून होतो. आतून पाहायचा असेल तर वेळापत्रक आधी बदला, तिथे उभे राहून नको.

इथेच फेरीचा निर्णय घ्यायचा. इथून आल्या वाटेने परत गेलात तर ३७ किलोमीटर, पुढे गेलात तर ५४. फरक फक्त १७ चा आहे आणि परतीची वाट पुन्हा १,२०० मीटरवर चढते, म्हणून थकवा असेल तरी पुढचाच रस्ता सोपा. खरी छाटणी करायची असेल तर ती आधी, सोतोसाल्बोसला: तिथून डावीकडे पेलायोस देल आरोयो, मग ब्रिएबा आणि एस्पिर्दोवरून शहरात, सगळे मिळून चाळीसच्या आसपास.

निघण्यापूर्वी दोन्ही बाटल्या भरा, ७५० मिलिलिटरच्या दोन. पेद्राथा ते तुरेगानो हा पट्टा सर्वांत निर्मनुष्य. ला वेलिया आणि मुन्योवेरोससारखी लहान गावे आहेत, पण त्यातला बार उघडा असेलच असे धरून चालू नका. गावच्या कारंज्यावर 'आग्वा पोताब्ले' लिहिले असेल तर पिण्याचे. 'नो पोताब्ले' किंवा 'सिन त्रातार' असेल तर डोक्यावर ओतायला ठीक, बाटलीत नको. कोकण किंवा मुंबईच्या दमट हवेत घाम गळताना दिसतो. इथे हवा इतकी कोरडी की तो दिसायच्या आधी उडतो. तहान लागण्याची वाट न पाहता पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण. जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या तर पाण्यात क्षार घाला.

खायला तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके. शेंगदाण्याची चिक्की, राजगिरा वडी, खजूर भारतातून नेता येतात. पेढे-बर्फी नको, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शाकाहारी असाल तर बारमध्ये 'तोर्तीया दे पातातास' मागा, बटाटा-अंड्याचा जाड पोळा. अंडे चालत नसेल तर 'बोकादीयो दे केसो', चीज घातलेला पाव. सॅलडमध्ये ट्युना न विचारता येतो, 'सिन आतून' म्हणायचे. सेगोव्हियाजवळच्या ला ग्रांखाचे पांढरे मोठे घेवडे, 'हुदियोनेस', नावाने शाकाहारी वाटतात, पण ते बहुधा डुकराच्या मांसात शिजवलेले असतात.

तुरेगानोचा किल्ला दुरूनच दिसू लागतो, आणि त्याच्या शिखरावर घंटा टांगलेली भिंत दिसली की गोंधळू नका: किल्ल्याच्या पोटात सान मिगेलचे जुने रोमनेस्क चर्च आहे, पंधराव्या शतकात बिशपांनी त्याभोवती तट चढवले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा एकेकाळचा सचिव आंतोनिओ पेरेथ इथे कैदेत होता. खालच्या चौकाला खांबांच्या ओसऱ्या आहेत. बसायची, सायकल डोळ्यासमोर टेकवायची, काहीतरी गोड खायची जागा तीच. बिअर सेगोव्हियासाठी ठेवा. मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

शेवटची बाजू, सीएल-६०३. इथे लोक हिशेब चुकतात. तुरेगानो ९३५ मीटरवर, सेगोव्हिया हजारावर, म्हणजे 'फक्त ६५ मीटर' असे वाटते. मध्ये पिरोन नदीचे खोरे आहे. रस्ता त्यात उतरतो आणि पलीकडे चढतो, तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो, सावलीला झाड नसते आणि वारा असला तर समोरून. या चढाच्या दहा मिनिटे आधी काहीतरी खा आणि ताशी २० च्या सरासरीचा हट्ट सोडा. गहू-बार्लीच्या माळावरून कॅथेड्रलचा मनोरा बऱ्याच आधी दिसतो आणि बराच वेळ जवळ येत नाही. ला लास्त्रीयाजवळच्या गोल चौकांत गाड्या वेगाने येतात. तिथे हाताने स्पष्ट इशारा करा आणि चौकातून बाहेर पडेपर्यंत मार्गिकेच्या मध्यभागी राहा, कडेला चिकटलात तर उजवीकडे वळणारी गाडी आडवी येते.

कायद्याचे थोडके. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचे. हेडफोन बंद, एका कानातलाही. दोघे शेजारी-शेजारी चालवू शकतात, तिसरा नाही. गाडीवाल्याने ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचे असते आणि तिकडे बहुतेक जण ते पाळतातही; मागे गाडी रेंगाळली तर ती जागेची वाट बघते आहे, दचकून मातीत उतरू नका. अपघात झाला तर ११२.

ला ग्रांखाचा राजवाडा या फेरीत मुद्दाम घेतलेला नाही. तो सेगोव्हियाहून अकरा किलोमीटरवर, वेगळ्या रस्त्याला आहे. पाचव्या फिलिपच्या त्या बागांना अर्धा दिवस लागतो आणि कारंजी ठरावीक दिवशीच चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोकळे करायला तेवढे अंतर बरोबर आहे, सायकल पिशवीत भरायच्या आधी.